शर्ट कुनाचा? तर माजा!

न्हाई, आता तुमीच सांगा मला. तुमी शिकलीसवरलेली मंडळी हायसा. मानसानं सोताच्या घरात, सोताच्या कपाटातला, सोताच्या मापानं शिवलेला शर्ट घालायचा का न्हाई? घालायचा ना? मंग सकाळी आंघूळ करून, देवाला हात जोडून, कपाट उगडलं आन् पिस्त्या रंगाच्या शर्टाला नुस्ता हात लावला, लावला म्हंजे अजून बाहीर वडला बी न्हाई, तर सैपाकघरातनं आवाज, "आवं, त्यो नगं, त्यो मला लागतोय." लागतोय? बरं म्हनलं, दुसरा घेऊ. पांढऱ्यावर बारीक रेघांचा. "त्यो बी ठिवा, उद्याला भरनीला पायजे." भरनीला! इस्तरीचा शर्ट उसाला माती लावायच्या भरनीला! आन् शर्ट कुनाचा? तर माजा!

हसा, हसा. जेवडं हसायचं तेवडं हसून घ्या. आमच्या आळीत ही साथ आलीया, आज ना उद्या तुमच्या बी दारात येनार हाय, तवा ह्या नाथाजीची आठवन काडाल. तर तुमास्नी सांगतो, पयल्यापास्नं सांगतो, म्हंजे कुनी म्हनायला नगं की सुभेदारानं अर्धंच सांगितलं.

मी नाथाजी. सुभेदार नाथाजी, रिटायर. सिक्कीम झालं, जैसलमेर झालं, जम्मूला तर इतकी वर्सं काडली की तितलं कुत्रं बी मला वळखायचं. लगीन झालं तवा पोरगी केली औंधाकडची, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याची. आमच्या शालूबाई. आता तिकडं पानी कमी, म्हनून मानसं समदंच जपून वापरत्यात, बोलनं सुदिक. ही कृष्णाकाठाला नांदायला आली, आन् हळद उतरायच्या आत मी ट्रंक उचलून पलटनीत. मागं म्हातारी, म्हशी आन् उसाचं रान. ते रान कुनी केलं? हिनं. लागन हिनं केली, खत हिनं टाकलं, तोडीला येनाऱ्या टोळीसंगं भांडन हिनं काडलं आन् मिटवलं बी हिनंच. मी सुट्टीवर यायचो आन् बांधावर हुबा राहून फोटो काडून घ्यायचो. आज बी मला कुनी इचारलं, नाथाजी, ह्यो ऊस कंच्या जातीचा? तर मी म्हननार, हिरवा.

तर यंदा झालं असं, की कारखान्याचा चिटबॉय विश्वजीत दारात आला. चिटबॉय म्हंजे कुनाचा ऊस कवा तुटनार त्याची चिठ्ठी ज्याच्या खिशात असतीया त्यो, तवा त्याला समदं गाव चहा पाजतंय. ह्यानं येऊन मला कडक सॅल्यूट ठोकला आन् म्हनला, "आबा, पेढं काडा. आख्ख्या गटात एकरी ऊस तुमचा पयला आलाय. सांगलीत मोठ्या हालमधी सत्कार हाय." म्हनलं, कुनाच्या नावानं? "तुमच्याच की. सात-बारा तुमचा." म्हनलं, विश्वजीतराव, गाडी वळवा. माज्या नावावर रान हाय, ऊस न्हाई. तसाच त्याच्या पाठीमागं बसून शेती हापिसात गेलो, सायबाच्या टेबलापुढं सावधानमधी हुबा ऱ्हायलो आन् म्हनलो, नाव बदला, न्हाईतर तुमचा सत्कार तुमी घ्या. बदललं. नीट सांगितलं तर बदलत्यात हो मानसं. 'सौ. शालूबाई नाथाजी' असं त्या कागदावर उमटलेलं बगितलं आन् माजी छाती अशी फुगली, अशी फुगली, की शर्टाचं बटन तटतटलं... तवा शर्ट अजून माजाच हुता.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, बाई हरकंल. हिनं तव्यावरची भाकरी उलटली आन् म्हनली, "मी न्हाई यायची. तुमीच जावा."

"अगं, का?"

"काय नेसून येऊ?"

आता मला सांगा, हसावं का रडावं? आमचं लोखंडी कपाट तुमी बगितलं न्हाई. त्याचं दार लावायला मला खांदा द्यावा लागतोय, चिखलात रुतलेल्या ट्रकाला देतोय तसा. आन् आत काय? साड्या. आपल्याकडं काय पद्धत हाय, लगीन असू दे, बारसं असू दे, वास्तुशांत असू दे, नवं बोअर मारलेलं असू दे, बाई दारात आली की तिला साडी. हिनं तिला द्यायची, तिनं हिला द्यायची. ती नेसायची असती असं कुनी म्हनलंय? ती ठिवायची असती. अशा साड्यांच्या थप्प्या, आन् ही इचारती काय नेसू! मी हसलो तर हिनं भाकरी खाली ठिवली, माज्याकडं बगितलं, आन् बोलली.

"त्यातली कंची बी नेसून स्टेजच्या फळीवर चढले तर मला वाटतंय दुसरीच कोनतरी चढलीया. ऊस केला एकीनं आन् बक्षीस घ्यायला गेली भलतीच. तसलं मला नगं."

एवडं बोलली. वर्साचं बोलनं एका दमात संपवलं. आन् मी वळखून हाय, औंधाकडची मानसं एकदा न्हाई म्हनली की न्हाईच. म्हंजे मी तिकडं सायबाम्होरं छाती काडून नाव बदलून आलो आन् हिकडं नावाची मालकीनच येत न्हाई! फौजेत असला पेच पडला की वरिष्ठास्नी कळवायचं असतंय. मी वरिष्ठास्नी फोन लावला. साक्षी. माजी लेक. पुन्याला कंपनीत हाय, भिंतीएवड्या कंप्युटरवर काम करती, तिच्या हाताखाली मानसं हायती. ती शनवारी सकाळच्या गाडीनं हजर.

साक्षीनं कपाट बगितलं, कमरंवर हात ठिवलं आन् म्हनली, "आबा, गडबड इथेच आहे. एवढे कपडे असले की आपल्याला काय आवडतं तेच माणूस विसरतो. मी माझं कपाट असंच हलकं केलंय. सगळं बाहेर काढायचं, एकेक साडी आईने हातात घ्यायची आणि फक्त एवढंच सांगायचं, आवडते की नाही. आवडते ती ठेवायची, बाकीच्या देऊन टाकायच्या. सोप्पंय."

सोप्पं! पाकिस्तानचं बंकर बी लांबनं सोप्पंच दिसतंय.

साड्या काडल्या. खाट भरली. सोप्यात भुईवर घोंगडं टाकलं, ते भरलं. मंग माज्या आरामखुर्चीवर ठिवल्या, म्हंजे मी हुबा. शेजारची तानुबाई वाटीभर साखर मागायला आली ती वाटी बाजूला ठिवून चौकटीत बसली, आता हिला तिथनं उठवायला फौज लागनार. आन् मी आपला मदतीला. साड्यांच्या थप्प्या एका लायनीत लावल्या, किट इन्स्पेक्शनला लावतो तशा, काठाला काठ, घडीला घडी. मनात म्हनलं, बगू दे पोरीला, बाप काय हाय.

साक्षीनं पयली उचलली. "आई, ही आवडते?"

"ही मोठ्या जाऊबायनं दिलीया."

"कुणी दिली नाही विचारलं. आवडते का?"

"बरी हाय की."

दुसरी. "ही?" "ही विट्याच्या लग्नातली. लय पाऊस झाला हुता." "अगं, आवडते का?" "बरी हाय." तिसरी? ती यमाईच्या वटीची, देवीच्या अंगावरनं आलेली, तिला आवडती का म्हनून इचारायचं नसतंय. चौथी? तीबी बरी. पाचवी? बरी. जांभळी बरी, पिवळी बरी, जी बगून तानुबाईनं डोळं मिटलं ती सुदिक बरी. दुपार झाली. नगं म्हनायच्या थप्पीत एक साडी न्हाई, आन् आवडलीच्या थप्पीत बी एक न्हाई. समद्या बऱ्या! लेक माजी डोसकं धरून बसली. मानसं संभाळनारी पोर, आईनं आडवी केली.

मंग तिच्या हाताला लागली गुलाबी. मी म्हनलं, थांबा. ही मी सांगतो. ही मी सिक्कीमला असताना सिलिगुडीस्नं आनली. त्याच्या खालची गुलाबी जम्मूची, तिच्या खालची जोधपूरची. प्रत्येक पोस्टिंगला एक साडी आनलीया ह्या नाथाजीनं, आन् प्रत्येक गुलाबी! का? तर बगायला गेलो हुतो तवा ही गुलाबी साडी नेसून आली हुती, पव्ह्याची बशी घेऊन, आन् माज्या डोळ्यात ती तशीच बसली. बर्फात पहाऱ्यावर हुबा असायचो, म्होरं समदं पांढरं, आन् माज्या डोळ्याम्होरं गुलाबी. लाजायचं काय त्यात? मी अभिमानानं सांगितलं लेकीला. तर शालूबाई खाली बगून, साडीचा काठ सारका करत करत म्हनती काय...

"ती मावशीची हुती."

"काय?"

"त्या दिसाची साडी. मावशीची हुती. मला गुलाबी कवाच आवडला न्हाई."

तुमास्नी सांगतो, उभ्या सर्व्हिसमधी माज्या अंगावर ओरखडा न्हाई आला. जखम झाली ती त्या शनवारी, सोप्यात, घोंगड्यावर. साक्षी मात्र उठून नाचायलीया, "आबा, बघा, आईने पहिल्यांदा सांगितलं! काय आवडत नाही ते तरी कळलं!" तानुबाई पदराआड हसतीया. आन् मी त्या गुलाबी थप्पीकडं बगत हुबा.

आता मानूस असा दुखावला की त्याला कायतरी करून दाखवावं वाटतंय. तेवड्यात आळीत आवाज आला, "भांडीऽऽय!" जुनी कापडं घेऊन भांडी देनारी. साक्षी म्हनलीच हुती, फाटकं, विटकं, पडून असलेलं पयल्यांदा घराबाहीर काडायचं. फौजेत ह्याला कंडम म्हनत्यात. म्हनलं, साड्यांचं जमत न्हाई तर न्हाई, आपलं आपन कंडम काडू. मागच्या सोप्यात गोठ्याकडं जायच्या दाराला खुंटी हाय, तिच्यावर माजी जुनी शर्टं टांगलेली असत्यात. कॉलर उसवलेली, उसाच्या चिकानं काळी पडलेली, कोपरावर ठिगळ. समदी काडली, गठ्ठा बांधला, भांडीवालीला दिला. घासाघीस करून मोठी स्टीलची चाळन घेतली. ती म्हनत हुती, दादा, एवड्यात वाटीच येती. पन मी काय सोडतोय. चाळन आनून सैपाकघरात ठळक दिसंल अशी टांगली. वाटलं, बाई खूस हुईल.

दुसऱ्या दिशी तांबडं फुटायला शालूबाई रानात निघाली. खुंटीकडं हात गेला. खुंटी मोकळी. मी चहा घेत हुतो.

"माजी शर्टं कुटं हायती?"

आता बगा हं. माजी! मी म्हनलं, अगं, माजी. ती जुनी व्हय, ती चाळनीवाल्या बाईला...

आन् मंग बोलली शालूबाई. तुमास्नी खरं सांगतो, जलमात येवडं बोलली नसंल. जपून ठिवलेलं पानी एकदम सोडल्यावानी बोलली. आवाज न्हाई चढवला. मला म्हनली, "तुमी पयल्यांदा पलटनीत गेला तवा तुमचा शर्ट खुंटीला ऱ्हायला हुता. उसाच्या पाचटानं हात कापायलं म्हनून मी त्यो साडीवर घातला. पहाटं मोटरीची लाईट आली की पानी पाजायला एकटी जायची. अंगात शर्ट, डोसक्याला टावेल, लांबनं बगनाऱ्याला वाटायचं गडी हाय. मला भ्या वाटायचं न्हाई. खिशात बॅटरी ऱ्हायची, इळा पुसायला फडकं ऱ्हायचं, आता मोबाईल ऱ्हातोय. कापड धुवून धुवून मऊ झालेलं. बाह्या लांब. घट्ट न्हाई, सैल न्हाई. साड्या समद्या कुनी कुनी दिल्या. शर्ट मला कुनी दिला न्हाई. त्यो मी घेतला."

मी हातात कप धरून बसलोय. चहा गार. मला म्हाईत हुतं की रानात बाया साडीवर शर्ट घालत्यात, समद्याच घालत्यात, त्यात इचारायचं काय? मी कवा इचारलंच न्हाई. त्या पांढऱ्या बर्फात मला ही गुलाबी दिसायची, आन् हिकडं ही माजा शर्ट घालून माजंच घर राखत हुती. मला रडू आलं, आन् तुमच्याम्होरं सांगायला मला लाज वाटत न्हाई. पन त्या वेळंला रडू येऊन द्यायची सोय नव्हती, कारन साक्षी तोंडात ब्रश तसाच धरून दारात हुबी हुती आन् ओरडत हुती, "आई, सापडलं! तुला काय आवडतं ते सापडलं! सुती, लांब बाह्या, मऊ आणि खिसा!" मंग माज्याकडं वळली. "आणि आबा, तुम्ही ते विकून चाळण घेतली."

चाळन. भिंतीवर लकलक करतीया.

तानुबाईकडं भांडीवालीचा नंबर हुता, आजकाल त्यांच्याकडं बी मोबाईल. लावला. "दादा, गठ्ठा कालच कुपवाडात दिला की. वर्कशापवाला घेतोय, मशीनी पुसायला." गाडीला किक मारली. कुपवाड काय जवळ हाय? पन ऐतवार असून बी त्या वर्कशापात काम चालू हुतं म्हनून नशीब. आत शिरलो, तर लेथ मशीनवर हरिबा नावाचा गडी, आटपाडीकडचा, माज्याच वयाचा, हातात आमच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाची बाही. बाकीच्या शर्टाचं तुकडं करून डब्यात भरलेलं, आन् ह्यो शेवटचा, अजून अख्खा, पाठीवर ग्रीसचा पंजा उमटलेला. मी दारातनंच ओरडलो, "थम!" पहाऱ्यावर ओरडतो तसा. आख्खं वर्कशाप हात वर करून हुबं.

हरिबा म्हनला, "सायेब, चिंधी हाय ही."

"चिंधी न्हाई. शर्ट हाय."

"कुनाचा?"

आता बगा, इतकी वर्सं ज्याचं उत्तर मला तोंडपाठ, त्याच प्रश्नाला माज्या तोंडातनं आपसूक गेलं, "बायकूचा." हरिबानं माज्याकडं बगितलं, शर्टाकडं बगितलं, पुरुषाची बटनं, पुरुषाची कॉलर. पन गडी समंजस. म्हनला, "आमची बी घालती रानात. घेऊन जावा. पन मी मशीन पुसू कशानं?" बरोबर हाय. मी अंगातला शर्ट काडला, चांगला, सुती, दिवाळीचा, आन् त्याला दिला.

तुमी म्हनाल, मंग त्यो चौकड्याचा घालून यायचं की. घातला असता. पन धीर झाला न्हाई. तिचा हुता. तसा बनियनवर निघालो, शर्ट पोटाशी धरून, सगळ्या सांगलीतनं. मार्केट यार्डाच्या नाक्यावर आमच्या पलटनीचा दादासो भेटला, सिग्नलला शेजारीच. "सुभेदारसाहेब, काय झालं?" म्हनलं, काय न्हाई, ड्यूटीवर हाय.

मंग चार दिस त्यो शर्ट मी धुतला. ग्रीसचा पंजा निघाला, म्हंजे जवळजवळ निघाला. इस्तरी केली, बाहीवर अशी धार की परेडला चालावी. आन् सत्काराच्या दिशी शालूबाईनं काय केलं? साड्यांच्या थप्पीतनं एक हिरवी सुती साडी काडली, न इचारता. साक्षी हळूच म्हनली, "आवडते?" ही म्हनली, "व्हय. आवडती." बरी हाय न्हाई! आवडती! आन् त्याच्यावर शर्ट. निळ्या चौकड्याचा. आन् शर्ट कुनाचा?... जाऊ द्या.

सांगलीचा हाल म्हंजे काय इचारू नका. समद्या बाया जरीकाठात, नथी, गजरं, गडी मानसं कडक कांजीत. आमी आत गेलो तशी मान न् मान वळली. माईकवर बोलनारा पोरगा पायऱ्यांपाशीच हिच्या जवळ वाकून, गोड आवाजात, "मावशी, तयार व्हायचं असेल तर मागे खोली आहे हं." त्याला वाटलं माईक बंद हाय. माईक चालू हुता. आख्ख्या हालला ऐकू गेलं. आन् हिचं बी ऐकू गेलं.

"तयारच हाय मी. ऊस ह्याच शर्टात केलाय."

आन् चढली फळीवर. चेरमनसायबांनी नारळ दिला, मंग पिशवी दिली. हिच्या आदी जे गडी शेतकरी येऊन गेले त्यांस्नी शर्टाचं कापड हुतं. हिच्या पिशवीत साडी. पारदर्शक कागद, आतला रंग मला मागच्या खुर्चीवरनं दिसला. गुलाबी! आवं, मी काय केलं न्हाई, कारखान्यानं आनली हुती! हिनं साडीकडं बगितलं, मंग येवड्या गर्दीत बरोबर माज्याकडं बगितलं. मी मान खाली घातली. तर ही चेरमनसायबास्नी म्हनती, "सायेब, बाकीच्या शेतकऱ्यांस्नी काय दिलं?"

"शर्टाचं कापड दिलं, ताई."

"मंग मला बी तेच द्या. मी बी शेतकरीच हाय."

तुमास्नी सांगतो... थांबा, जरा पानी पितो. पयल्यांदा मागनं एक टाळी आली. मागच्या रांगंतल्या, रानात राबनाऱ्या, नथ न घातलेल्या बाया, त्या उठून हुब्या ऱ्हायल्या. मंग समदा हाल. चेरमनसायबांनी सोता टेबलाखालनं कापडाचा बॉक्स काडून दिला. मी? मी आपसूक सावधान. शेजारच्यानं इचारलं, "कोन हाय हो ही बाई?" माजी छाती अशी फुगली की आतलं बनियन तटतटलं. म्हनलं, माजी मंडळी. शर्ट दिसतोय न्हवं? माजा!

आता तुमी म्हनाल, गोष्ट संपली, नाथाजीनं मान मिरवला, बसा. कुटली संपतीया! खरा घोटाळा त्याच्या म्होरं हाय. शालूबाईला आता आवडतंय काय आन् न्हाई काय ते कळायला लागलं. जी बाई दिसभर इचारून बी 'बरी हाय'च्या पल्याड गेली न्हाई, तिनं एका सकाळी कपाट उगडलं आन् आळीतल्या बायास्नी हाका मारल्या. जिला जी पायजे ती न्या. ह्यो रंग मला चालत न्हाई, ह्ये कापड अंगाला चिकटतंय, ह्यो काठ टोचतोय. दिल्या. तानुबाईनं एक सोडून गुलाबी समद्या नेल्या, आता शेजारी आठवडाभर माज्या पोस्टिंगा वाळत असत्यात. कपाटात ऱ्हायल्या मोजक्या, एका हातात धरता येतील अशा. यमाईची ठिवली, हिरवी ठिवली, लग्नातली ठिवली. आन् एक सिलिगुडीची गुलाबी. मी म्हनलं, ही का? तुला तर आवडत न्हाई. तर म्हनती, "आवडत न्हाईच. पन बर्फातनं आनलीया तुमी. असू दे."

कपाटाचं दार आता एका बोटानं लागतंय. पन कपाट मोकळं झालं की ते तसं ऱ्हातंय व्हय? माजं कपाट शेजारीच. हिनं ते उगडलं. एकेक शर्ट काडला, अंगात घातला, आरशात बगितलं. "ह्यो न्हाई आवडला." परत मला. "ह्यो आवडला." तिच्या कपाटात. "ह्यो आवडला. ह्यो बी आवडला." आवं, मी म्हनलं, जरा 'बरा हाय' म्हन की! न्हाई. माज्याकडं ऱ्हायली ती तिला न आवडलेली, म्हंजे मी आता गावात फिरतो ते टाकाऊ मालात. आन् आळीतल्या बाया बी शिकल्या. तानुबाईचा मालक काल माज्या दारात येऊन बसला, म्हनला, सुभेदार, तुमी ह्ये काय चालू केलंय, माजा लग्नाला जायचा शर्ट रानात तन काडायला, भांगलनीला गेला! त्याला चहा पाजला आन् वाटंला लावला.

निघतो आता, बोलत बसलो तर उशीर हुईल. ह्यो? ह्यो अंगातला? चांगला दिसतोय म्हनता? दिसनारच की. सत्काराच्या कापडाचा हाय, सांगलीच्या हालमधी मिळालेल्या. कापड बगा, सुती. बाह्या बगा, लांब. खिसं बगा, दोन! खांद्यात मला जरा आवळतोय, पन बोलायचं कुनापाशी. आज तुमच्याम्होरं यायचं हुतं म्हनून सकाळी मागून घेतला. आन् शर्ट कुनाचा?

तिचा. डाग न पाडता, दिवस मावळायच्या आत, इस्तरी करून परत द्यायचाय.